तोंड गार, अंग तापलेलंच: उन्हात खेळताना मेंथॉल किती आणि कसं वापरावं

तांबडा रस्सा वाटीत निवून कोमट झाला तरी जीभ भाजतेच. रश्शात तेवढी उष्णता उरलेली नसते, पण मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चिकटतं, तो संवेदक एरवी साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता कळवण्यासाठी असतो. मेंदूला निरोप एकच जातो: भाजतंय. जेवणानंतरच्या मसाला पानात पानवाला पिपरमिंटचा बारीक खडा टाकतो, तेव्हा नेमकं उलटं होतं. पान गार नसतं, तरी श्वास आत घेतला की घशातून पहाटेचा वारा गेल्यासारखं वाटतं. पुदिन्याच्या तेलातून निघणारं मेंथॉल टीआरपीएम ८ नावाच्या संवेदकाला चिकटतं. हा संवेदक एरवी तापमान साधारण २५ ते २८ अंशांच्या खाली गेल्यावर जागा होतो.

मिरचीचा संवेदक १९९७ मध्ये आणि मेंथॉलचा २००२ मध्ये सापडला. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या संवेदकांवरच्या या कामासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. क्रीडाशास्त्रातल्या लोकांनी या माहितीवरून एक साधा प्रश्न विचारला. थंडावा खोटा असला तरी मेंदू तो खरा मानत असेल, तर उन्हात खेळाडू जास्त वेळ टिकेल का? उत्तर 'हो, थोडासा' असं आलं. मात्र त्या 'थोडासा'ला बऱ्याच अटी आहेत, आणि त्या न पाळता केलेला प्रयोग अंगाशी येऊ शकतो.

उन्हात आपण हळू का होतो

धावताना किंवा सायकल मारताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं, त्यातली जेमतेम पाव हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागते. उरलेली सगळी उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि तोही वाळला तरच. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अंगावरून ठिबकून मातीत पडलेला घाम जवळपास काहीच नेत नाही. म्हणून मार्चमधल्या कोरड्या दुपारी पन्हाळ्याचा चढ जितका झेपतो, तितका मे महिन्यात वळीव पडून गेल्यावर झेपत नाही. पारा दोन अंश उतरलेला असतो, पण हवा ओलसर होते आणि घाम वाळेनासा होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. शरीर खरोखर धोक्याच्या पातळीला पोहोचण्याच्या बऱ्याच आधी मेंदू वेग कमी करायला लावतो. त्वचा किती तापली, तोंड किती कोरडं पडलं, श्वास किती गरम लागतोय, या सगळ्याचा तो सतत अंदाज घेतो. 'अजून पाच किलोमीटर आहेत आणि आत्ताच इतकं उकडतंय' असं वाटलं की पाय आपोआप आखडते घेतो. तोंडाच्या आतला भाग आणि चेहरा यांची खबर मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूतून, म्हणजे ट्रायजेमिनल नसेतून, थेट मेंदूत जाते आणि तिला वजन मोठं असतं. मेंथॉल याच खबरेत ढवळाढवळ करतं. उकाडा कमी वाटतो, श्वास मोकळा वाटतो, दम लागल्याची भावना जरा उतरते.

शरीराचं आतलं तापमान मात्र तसूभरही उतरत नाही. हे वाक्य लक्षात राहिलं तर बाकीचा लेख विसरला तरी चालेल.

किती फरक पडतो

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ पुरुषांनी ३४ अंश तापमानाच्या खोलीत थकून थांबेपर्यंत सायकल चालवली. दर दहा मिनिटांनी त्यांनी ०.०१ टक्का मेंथॉलच्या २५ मिलि पाण्याने गुळणी केली. टिकण्याचा वेळ सरासरी ९ टक्क्यांनी वाढला. पण व्यक्तिगणिक फरक इतका मोठा होता की कुणाला भरपूर फायदा झाला आणि कुणाला जवळपास काहीच नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ३३ अंशांत पाच किलोमीटर धावणाऱ्यांनी दर किलोमीटरला अशीच गुळणी केली. त्यांची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली, म्हणजे सव्वीस मिनिटांची धाव सव्वापंचवीसच्या आसपास आली. आतलं तापमान दोन्ही वेळेला सारखंच होतं.

या आकड्यांवरून दोन अंदाज बांधता येतात. उपयोग होतो तो लांब चालणाऱ्या, स्वतःच्या वेगाने करायच्या खेळांत, आणि तोही अंग तापल्यानंतर. शंभर मीटरची धाव, एखादी उंच उडी, शॉर्टपुट यांत मेंथॉलने काही हाती लागत नाही, कारण तिथे उकाड्यामुळे वेग रोखला जात नसतो. डिसेंबरच्या पहाटे रंकाळ्याला फेऱ्या मारताना गुळणी केली तर नुसते दात शिवशिवतील.

गुळणीचं पाणी कसं करायचं

मेंथॉल बाजारात पांढऱ्या, सुईसारख्या लांबट स्फटिकांच्या रूपात मिळतं. जुनी माणसं त्याला पुदिन्याचं फूल म्हणतात, पानपट्टीवर पिपरमिंट. तोंडात घालायचं असल्यामुळे पाकिटावर 'आय.पी.', म्हणजे भारतीय औषधकोशाच्या दर्जाचं, किंवा खाद्य दर्जाचं असं लिहिलेलं हवं. सुटं, विनानावाचं, धूप-अगरबत्तीसाठी मिळणारं घेऊ नका.

इथे एक नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे हीच चूक सगळ्यांत आधी होणार. घरात अमृतधारेची बाटली असते. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर एकत्र केले की तिन्ही घन पदार्थ आपोआप पातळ होतात. त्यात मेंथॉल आहे, मग तिचेच चार थेंब पाण्यात टाकले तर? अजिबात नको. कापूर पोटात गेला तर विषारी असतो आणि त्याने झटके येऊ शकतात. दर दहा मिनिटांनी, धापा टाकत गुळणी करणाऱ्याच्या पोटात थोडं पाणी जाणारच. दुखण्यावरच्या बामचंही तेच. त्यात मेंथॉलबरोबर मिथाइल सॅलिसिलेट असतं, आणि ते गिळायची गोष्टच नाही. दात घासल्यावर वापरायचं माउथवॉशही चालत नाही. त्यात जंतुनाशक, कधी अल्कोहोल असतं, आणि मेंथॉल किती आहे ते कळत नाही.

प्रमाण: एक लिटर पाण्यात ०.१ ग्रॅम मेंथॉल म्हणजे ०.०१ टक्का. सुरुवात इथूनच करायची. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली काही दाखवत नाही, त्यामुळे तो निरुपयोगी. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं तोलायला वापरतात तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. त्यावरही ०.१ ग्रॅम तोलताना दहा टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून एकदम जास्त पाणी करणं बरं. वीस जणांच्या फुटबॉल संघाला प्रत्येकी सहा गुळण्या धरल्या तर २५ मिलिप्रमाणे तीन लिटर लागतात. त्यासाठी ०.३ ग्रॅम.

स्फटिक कोरड्या खलात किंवा दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक करा. एक लिटर पाणी ५५ ते ६० अंशांपर्यंत गरम करा, उकळू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या किंवा उष्णता सोसणाऱ्या काचेच्या बाटलीत पाणी घाला, त्यात भुकटी टाका, लगेच झाकण लावा आणि बाटलीभोवती फडकं गुंडाळून हलवा. मेंथॉल ४२ ते ४४ अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आधी तेलासारखे बारीक थेंब वर तरंगताना दिसतात. ते पूर्ण नाहीसे होईपर्यंत थांबून थांबून हलवत राहायचं. मग बाटली बंदच ठेवून गार होऊ द्या. गरम असताना उघडलीत तर वाफ थेट डोळ्यांत जाते आणि पुढची दहा मिनिटं काही दिसत नाही, शिवाय मेंथॉलही उडून जातं. गार झाल्यावर त्यात दोन लिटर फ्रिजमधलं पाणी मिसळा. झालं तीन लिटर.

उघड्या पातेल्यात उकळत बसणारे लोक घरभर वास करून घेतात आणि पाण्यात उरतं ते नाममात्र.

'जरा कडक करू या' हा मोह प्रत्येकाला होतो. संशोधनात ०.०१ ते ०.१ टक्क्यापर्यंतचं प्रमाण वापरलं गेलंय, तेव्हा वाव आहे. पण घरगुती पद्धतीत मेंथॉलच आडवं येतं. साध्या तापमानाच्या एका लिटर पाण्यात जेमतेम ०.४ ते ०.५ ग्रॅम मेंथॉल विरघळतं. एक ग्रॅम टाकलंत तर गरम असताना सगळं विरघळल्यासारखं दिसेल, आणि गार झाल्यावर निम्मं वर तरंगायला लागेल. मग बाटलीतून पहिली गुळणी करणाऱ्याच्या तोंडात जाळ होतो आणि शेवटच्याला नुसतं पाणी मिळतं. वरच्या कृतीत एका लिटरला ०.३ ग्रॅमच घेतलंय ते याच कारणाने. कुणाला ०.०१ टक्का फारच फिकं वाटलं तर शेवटी दोनऐवजी अर्धा लिटर पाणी घाला, म्हणजे ०.०२ टक्का होईल. त्याच्या वर गेलं की अनेकांना कडवट लागतं, घशात चुरचुरतं, ठसका लागतो. धावताना ठसका लागला तर फायदा राहिला बाजूला, लयच जाते.

प्लास्टिकच्या बाटलीत मेंथॉल मुरतं, वास कायमचा बसतो आणि पाण्यातलं प्रमाण कमी होतं. मैदानावर न्यायलाही स्टील बरं. पाणी फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा, कारण त्यात टिकवण्यासाठी काही घातलेलं नाही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'गुळणी – प्यायचं नाही' असं लिहा, नाहीतर मध्यंतरात कुणीतरी अर्धा लिटर घटाघटा रिकामी करणार. तसं झालं तरी घाबरायचं कारण नाही. ०.०१ टक्क्याच्या अर्ध्या लिटरमध्ये ५० मिलिग्रॅम मेंथॉल असतं आणि ६० किलोच्या माणसासाठी रोजची स्वीकार्य मर्यादा २४० मिलिग्रॅम आहे, म्हणजे किलोला ४. पण पोट ढवळेल आणि ढेकर देत खेळावं लागेल. ज्यांना मुळातच आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांना जास्तच, कारण पुदिना अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतो.

केव्हा आणि कशी

२५ मिलि म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणारी छोटी टोपी दोन-अडीच वेळा भरून, किंवा एक बरा घोट. तोंडात पाच ते दहा सेकंद सगळीकडे फिरवायचं आणि थुंकायचं. सुरुवातीपासून लागत नाही. अंग तापून पहिल्यांदा 'उकडतंय' असं वाटलं की पहिली गुळणी, आणि मग दर दहा मिनिटांनी किंवा दर किलोमीटरला.

शाहू स्टेडियमवर एप्रिलमधली दुपारची मॅच असेल तर मध्यंतर आणि चेंडू बाहेर गेल्यावरचे थांबे हाताशी असतात. मोठ्या स्पर्धांत डब्ल्यूबीजीटी, म्हणजे ऊन, ओलावा आणि वारा मिळून काढलेलं तापमान, ३२ अंशांवर गेलं की पाण्यासाठी वेगळा थांबा देतात. स्थानिक मॅचमध्ये तसा नियम नसला तरी दोन्ही कप्तानांनी पंचांना विनंती करायला हरकत नसावी. रस्त्यावरच्या शर्यतीत स्वतःच्या कमरेला दीडशे मिलिची छोटी बाटली पुरते. सायकलवाल्यांना सगळ्यांत सोपं, दोन बाटल्यांची सोय असतेच. फक्त कुठली कुठली आहे ते अंधारातही हाताला कळेल असं करा, एकीला रबर बांधा.

कुस्तीत अडचण वेगळी. जत्रेच्या मैदानात कुस्ती किती चालेल सांगता येत नाही, आणि हौद्यात थुंकणं कुणी खपवून घेणार नाही. तालमीत दोन जोडांच्या मध्ये, बाहेर बादलीत गुळणी, एवढंच जमतं. पैलवानांनी मेंथॉलचं तेल किंवा जेल अंगाला लावून उतरू नये. अंग निसरडं होतं, नियमात बसत नाही, आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातं.

त्वचेला का नको

डोक्याला लावायचं थंड तेल, घामोळ्यांची पावडर, मेंथॉलचा स्प्रे या सगळ्यांनी अंग गार वाटतं, त्यामुळे सरावाआधी छाती-पाठीला चोळून निघावं असं वाटणं साहजिक आहे. पण मोठ्या भागावर मेंथॉल लावलं की शरीर थंडी पडल्यासारखं वागतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, घाम उशिरा सुटतो, म्हणजे उष्णता बाहेर टाकायची दोन्ही दारं अर्धवट बंद होतात. काही प्रयोगांत जास्त मेंथॉल लावलेल्यांचं आतलं तापमान उलट वाढलेलं दिसलं. वाटतं गार, साठते उष्णता. चेहऱ्यावर लावल्याने आराम वाटतो खरा, पण घामाबरोबर ते डोळ्यांत उतरतं. त्यापेक्षा बर्फाच्या पाण्यात भिजवलेला पंचा मानेवर टाका, तो खरोखर उष्णता ओढून घेतो.

खरा थंडावा आणि वाटणारा थंडावा यातला फरक आकड्यांत बघायचा तर बर्फाच्या चुऱ्याचं सरबत घ्या. ६० किलोच्या खेळाडूने उतरण्याआधी अर्ध्या तासात सुमारे ४५० ग्रॅम, अर्धा बर्फ असलेलं सरबत सावकाश संपवलं, तर ते वितळून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साधारण १४५ किलोज्यूल उष्णता शोषतं. कागदावर तेवढ्याने शरीर ०.७ अंशांनी उतरतं. प्रत्यक्षात त्याहून कमी, पण उतरतं. गुळणीने हा आकडा शून्य. म्हणून जमत असेल तर आधी बर्फ आणि खेळ रंगात आल्यावर मेंथॉल, असा क्रम ठेवावा. बर्फ मात्र खायचाच हवा, मासे ठेवायच्या लादीचा नको.

या दोन्हींच्याही आधी येते ती उन्हाची सवय. स्पर्धेआधी दहा ते चौदा दिवस, रोज तास-दीड तास, जरा कमी जोराने उन्हात सराव केला की रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. वर्षभर पहाटे पाचला विद्यापीठाच्या रस्त्यावर पळणारा माणूस एकदम मे महिन्यातल्या सकाळी दहाच्या शर्यतीत उतरला, तर त्याला कुठलीच गुळणी वाचवणार नाही.

तहान आणि इतर फसवणुकी

तोंड गार झालं की मेंदूला पाणी प्यायल्यासारखं वाटतं आणि तहान कमी होते. पाण्याच्या बाबतीत हाच मोठा धोका. त्यामुळे मेंथॉल वापरणाऱ्याने तहानेवर विसंबून चालत नाही. सरावाच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो घटलं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं, मध्ये प्यायलेलं त्यात मिळवा. ६० किलोच्या माणसाचं वजन १.२ किलोहून जास्त घटत असेल तर पिण्याचं प्रमाण वाढवायला हवं. दोन-तीन सरावांत आपला ताशी हिशोब कळतो आणि मग घड्याळाप्रमाणे प्यायचं. गुळणीचं पाणी या हिशोबात धरायचं नाही.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. एकाच मार्गावर, सारख्या उन्हात, आठवड्याच्या अंतराने दोनदा पळून बघा, एकदा साध्या पाण्याची गुळणी आणि एकदा मेंथॉलची. वेळेबरोबर दमही १ ते १० मध्ये लिहून ठेवा. फरक पडत नसेल तर तुमच्यासाठी ते नाही, विषय संपला. दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच. लहान मुलांच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल नेऊच नये, तान्ह्या मुलांचा घसा त्याने आवळला जाऊ शकतो. मेंथॉल उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत मात्र स्यूडोएफेड्रिन असतं, त्यावर स्पर्धेच्या काळात मर्यादा आहे, तेव्हा 'नाक मोकळं होतं' म्हणून दोन्ही एकाच पारड्यात तोलू नका.

आता सगळ्यांत वाईट शक्यता. मेंदू वेग कमी करायला लावतो तो उगाच नाही, ती राखण असते. गुळणीने ती थोडी ढिली पडते, आणि तापलेला माणूस आपल्याला बरं वाटतंय असं समजून पळत राहतो. ताप आलेला असताना, पोट बिघडलेलं असताना, आदल्या रात्री झोप झाली नसताना किंवा उन्हाची सवय नसताना मेंथॉल वापरूच नये. संघातल्या एकाने मैदानाबाहेरून नजर ठेवावी, कारण खेळणाऱ्याचा स्वतःचा अंदाज त्या वेळी भरवशाचा नसतो. पावलं वाकडी पडणं, विचारलेल्याला भलतंच उत्तर देणं, उगाच चिडणं, गोल किती झाले हे न आठवणं, ही उष्माघाताची चिन्हं आहेत. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही हा समज चुकीचा आहे, खेळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं.

असं दिसलं की १०८ ला फोन करायला एकाला लावा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला घ्या. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत नेऊन, डोकं पाण्याबाहेर धरून, गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवणं सर्वांत उत्तम. मोठं टब, गुरांची पाण्याची टाकी, गुऱ्हाळावरची रिकामी काहील, जे जवळ असेल ते. काहीच नसेल तर बादल्यांनी सतत पाणी ओतत राहा, वारा घाला, आणि बर्फात बुडवलेले पंचे अंगभर टाकून दर दोन-तीन मिनिटांनी बदला. शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका. आणि कुणी मदतीला म्हणून मेंथॉलचा स्प्रे घेऊन धावत आला तर त्याला परत पाठवा.